फाटकावरचं जू

"आभाळ कोसळलं तरी बेहत्तर, पण ही मान आता कुणापुढे वाकणार नाही," असे डिक्शनरीकाकांनी रविवारी दुपारी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून जाहीर केले.

"बरं," काकू म्हणाल्या. "मग उद्या दूध कोण आणणार?"

मोठ्या घोषणांची हीच पंचाईत असते. त्या ऐकायला नेमके असे कुणीतरी हजर असते, की ज्याला दुसऱ्या दिवशीच्या दुधाची काळजी असते. काकांनी या प्रश्नाला उत्तर दिले नाही. उत्तर न देणे हा त्यांचा हुकमी एक्का होता. विमा कंपनीत त्यांनी सगळी नोकरी हेच केले होते. लोकांचे दावे सभ्य इंग्रजीत फेटाळण्याची पत्रे लिहायचे काम त्यांच्याकडे होते, आणि त्यांचे पत्र वाचून माणूस आधी आभाराचे उत्तर पाठवी आणि मग रडत बसे, अशी त्यांची खात्यात ख्याती होती.

आता ही मान मुळात वाकत कुठे होती, हे सांगायला हवे. ती फाटकात वाकत होती.

त्यांच्या इमारतीला दोन फाटके. एक मोठे, मोटारींचे. ते रिमोटने सरकत उघडे आणि मोटार आत-बाहेर झाली की आपले आपण बंद होई. एकदा ते कुणाच्या तरी भाजीच्या पिशवीवर बंद झाले, तेव्हापासून पायी चालणाऱ्यांना तिकडून जायची बंदी होती. दुसरे फाटक छोटे, माणसांचे. पण त्यातून माणसांपेक्षा मोटारसायकलीच जास्त येत. पार्सल पोचवणारी मंडळी थेट जिन्यापर्यंत गाडी आणत. एक जण तर पहिल्या पायरीवर पुढचे चाक टेकवून वर किती जाता येईल याचा अंदाज घेत असलेला लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. सोसायटीच्या सेक्रेटरींनी यावर उपाय काढला. फाटकाच्या दोन खांबांवर एक आडवा लोखंडी दांडा बसवायचा. गाडीवर बसलेला माणूस त्याखालून येणार कसा?

वेल्डर आला. त्याने विचारले, "किती उंचीवर लावू?"

सेक्रेटरी दोन खांबांच्या मध्ये जाऊन ताठ उभे राहिले, डोक्यावर तळहात आडवा ठेवला आणि म्हणाले, "याच्या बोटभर वर."

सेक्रेटरींच्या उंचीबद्दल इमारतीत कुणी बोलत नसे. ते बुटके होते असे म्हणणे बरे नव्हे. त्यांच्या आजूबाजूची माणसे जरा उंच होती, एवढेच. शिवाय त्यांचा सगळा जन्म वजनमापे खात्यात गेलेला. त्यांनी घेतलेल्या मापावर शंका घ्यायची कुणाची टाप होती? वेल्डरने डोळ्यांवर काच ओढली, ठिणग्या उडाल्या, दांडा बसला.

पार्सलवाल्यांना त्याची सवय व्हायला एक दिवस पुरला. ते गाडीच्या टाकीवर पोट टेकून आडवे होत आणि सुळकन आत येत. म्हणजे दांडा ज्यांच्यासाठी बसवला ते सोडून बाकी सगळ्यांना तो लागू होता. नियमांचे बहुधा असेच असते. इमारतीतली शहाणीसुरती, पेन्शन खाणारी, मोठमोठ्या पदांवरून उतरलेली माणसे रोज कंबरेत वाकून ये-जा करू लागली. काका तर चांगले उंच, त्यामुळे त्यांचा जवळजवळ काटकोन होई. त्यांनी कधी तक्रार केली नाही. उलट पाठीला व्यायाम होतो असे ते लोकांना सांगत.

सेक्रेटरी रोज सकाळी फाटकाच्या आत प्लास्टिकची खुर्ची टाकून पेपर वाचत बसत. कुणी वाकून आत आले की ते पेपर खाली करून हात किंचित उचलत आणि म्हणत, "असू द्या, असू द्या." काकांना वाटे, बिचारा माणूस दांड्याबद्दल दिलगिरी व्यक्त करतो आहे. म्हणून तेही म्हणत, "छे छे, त्यात काय."

असे कित्येक महिने सुखात गेले. ठिणगी पडली ती वर्गात.

निवृत्त झाल्यावर काही माणसे बागकाम करतात, काही आजारी पडतात. काकांनी वर्ग काढला. दर रविवारी सकाळी सोसायटीच्या खोलीत, "इंग्रजी शब्द : अर्थ आणि घडण". फी नाही. फी नसूनही विद्यार्थी तीनच. पहिल्या म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाई. रोग्यांची तोंडे दिवसभर उघडी ठेवून स्वतःला बोलायला मिळत नाही म्हणून त्या येत. दुसरे तळमजल्यावरचे निवृत्त कॅशिअर. त्यांच्या घरी त्या वेळेला टीव्ही बायकोच्या ताब्यात असे. आणि तिसरे, पहिल्या बाकावर बसून सगळे उतरवून घेणारे, खुद्द सेक्रेटरी. त्यांना सोसायटीच्या नोटिसा वजनदार इंग्रजीत काढायच्या होत्या.

"आजचा विषय," त्या रविवारी काका म्हणाले, "दुसऱ्याला नमवणे. इंग्रजी या बाबतीत फार श्रीमंत भाषा आहे."

त्यांनी फळ्यावर "सब" लिहिले. "सब म्हणजे खाली. शब्दाच्या सुरुवातीला हा दिसला की समजायचं, कुणीतरी कुणाच्या तरी खाली गेलेला आहे. सप्रेस म्हणजे खाली दाबणं. इथं पुढचा 'प' बघून सबमधल्या 'ब'नंसुद्धा गुमान स्वतःचा 'प' करून घेतलाय. म्हणजे शब्द तयार होतानाच एक जण नमला. सबॉर्डिनेट म्हणजे रांगेत खालचा."

"म्हणजे बँकेत मी," कॅशिअर म्हणाले.

"आणि घरी?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"घरी रांग नाही. मी एकटाच खाली."

"डॉमिनेट," काका पुढे सरकले. "याच्या मुळाशी डॉमिनस आहे, घराचा धनी. धन्यासारखं वागणं म्हणजे डॉमिनेट करणं. आणि ह्युमिलिएट. ह्यूमस म्हणजे माती. माणसाला मातीच्या पातळीवर आणायचं. आपण धूळ चारतो, ते माती दाखवतात. जिन्नस एकच."

"सबड्यू राहिलं," सेक्रेटरी वहीतून मान वर करून म्हणाले.

"सबड्यूचं कूळ जरा भानगडीचं आहे. त्यावर विद्वानांत मतभेद आहेत. विद्वानांत मतभेद असले की आपण पुढच्या शब्दाकडे जायचं असतं. सब्ज्युगेट." हा शब्द काकांच्या खास आवडीचा होता. तो त्यांनी फळ्यावर जरा मोठ्या अक्षरात काढला. "सब म्हणजे खाली आणि जुगम म्हणजे जू, बैलाच्या मानेवर असतं ते. आपलं जू आणि त्यांचं जुगम हे सख्खे चुलतभाऊ. पण खरी मजा पुढं आहे. रोमन लोक शत्रू हरला की दोन भाले जमिनीत उभे रोवायचे आणि तिसरा त्यांच्यावर आडवा बांधायचे. मुद्दाम खाली. मग हरलेल्या सैनिकांची शस्त्रं काढून घ्यायची आणि एकेकाला त्या आडव्या भाल्याखालून जायला लावायचं. वाकल्याशिवाय जाताच यायचं नाही. मारायचं नाही, बांधायचं नाही, फक्त एकदा वाकून जायला लावायचं. संपला माणूस."

बोलता बोलता त्यांनी चित्र काढले. दोन उभ्या रेघा, वर एक आडवी. खाली काटकोनात वाकलेला एक उंच माणूस. त्याच्या हातात शस्त्र नाही हे दाखवायला त्यांनी मुद्दाम काहीच काढले नाही, पण खडू घसरला आणि हातात दुधाची पिशवी लोंबावी तसे काहीतरी उमटले.

"काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे तर आपलं फाटक आहे."

 काका फळ्याकडे वळले. दोन खांब. आडवा दांडा. वाकलेला उंच माणूस. पिशवी. त्यांच्या हातून खडू पडला, आणि तो उचलायला ते वाकले नाहीत. त्या क्षणापासून त्यांचे वाकणे बंद झाले होते.

सेक्रेटरींनी मान कलती करून चित्र पाहिले. "छान आलंय," ते म्हणाले आणि काळजीपूर्वक वहीत उतरवून घेऊ लागले.

काकांनी बोटांवरची खडूची भुकटी झटकली आणि मनात हिशेब मांडला. शत्रूने आपल्याच तोंडून आपल्याच पराभवाची व्याख्या ऐकावी, वर चित्राची तारीफ करावी? कित्येक महिने आपण पाठीला व्यायाम समजून रोज या माणसासमोरून वाकून गेलो, आणि वर "छे छे, त्यात काय" असे म्हणत गेलो. त्या दुपारची घोषणा ही अशी झाली.

सोमवारी सकाळी काका पिशवी घेऊन फाटकाशी आले आणि दांड्यासमोर उभे राहिले. दांडा त्यांच्या गळ्याच्या उंचीवर. पलीकडे रस्ता. रस्त्यापलीकडे दूध. अलीकडे खुर्चीत सेक्रेटरी.

"नमस्कार काका. निघालात?"

"बघतोय."

बघता बघता सल्लागार जमले. आपल्या संकटात मदतीला कुणी येईलच असे नाही, पण सल्ल्याला कधी तोटा पडत नाही.

"मान न वाकवता गुडघे वाकवा," मोटारीची किल्ली फिरवत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बदकासारखं चालत जा. मान अगदी ताठ राहील."

काकांनी विचार केला. "गुडघे टेकणे हासुद्धा वाक्प्रचार आहे. अर्थ तोच."

"टेकायचे कुठे, नुसते वाकवायचे."

"इतिहास असा बारीक फरक करत नाही."

कॅशिअरांचा सल्ला याहून धाडसी होता. "पुढं वाकलं तर शरणागती. मागं वाका. पोट वर, तोंड आभाळाकडं. म्हणजे दांड्याखालून तर गेलात, पण त्याच्याकडं छाती काढून. त्यात उलट अपमान दांड्याचा."

या युक्तिवादात काकांना खोट काढता येईना. त्यांनी पिशवी कॅशिअरांकडे दिली, दोन्ही हात कंबरेवर ठेवले आणि मागे वाकायला सुरुवात केली. हनुवटी वर गेली. चष्मा कपाळावर सरकला. पाठीतून काडी मोडल्यासारखा आवाज आला. तो फक्त पाठीचाच होता, पण सगळे दोन पावले मागे सरकले. काका त्याच अवस्थेत थोडा वेळ आभाळ पाहत राहिले. मग कॅशिअरांनी एका बाजूने आणि डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या बाजूने धरून त्यांना पूर्ववत केले.

"माझ्या दवाखान्याच्या खुर्चीत बसवून सरळ केलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण मला आता उशीर होतोय."

त्या मोटारीत बसल्या, मोठे फाटक सरकले, आणि त्यांच्या मागोमाग काका विजेच्या चपळाईने बाहेर पडले. पाठ धरलेली असूनही. पायी जायची बंदी मोडली खरी, पण मान वाकली नाही. मागे फाटक बंद झाले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर किल्ला सर केल्याचे तेज होते. दूध घेतले, ताठ मानेने परत आले, आणि मग त्यांच्या लक्षात आले, की किल्ल्यातून बाहेर पडणे आणि किल्ल्यात शिरणे या दोन निराळ्या मोहिमा आहेत. मोठे फाटक कुणाची तरी मोटार आल्याशिवाय उघडणार नव्हते. आणि सकाळी बाहेर जायच्या त्या सगळ्या मोटारी एव्हाना निघून गेल्या होत्या, आत येणारी एकही नव्हती.

"या ना काका," आतून सेक्रेटरी म्हणाले. "बाहेर का उभे?"

"हवा खातोय."

"ऊन वाढतंय."

"मला ऊन आवडतं."

"कुणी अडवलंय का तुम्हाला?"

"मला अडवायची कुणाची छाती आहे?"

"तेच म्हणतो मी," सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी पान उलटले.

काका उभे राहिले. ऊन खांद्यावरून डोक्यावर आले. पार्सलवाले एकामागून एक आडवे होऊन आत गेले आणि आडवे होऊन बाहेर आले. त्यांतल्या एकाने काकांना मागे बसवून, आडवे करून आत न्यायची तयारी दाखवली. काकांनी त्याच्याकडे असे पाहिले, की तो पार्सल न देताच निघून गेला. जेवायच्या वेळेला डॉक्टरीणबाई परत आल्या तेव्हा त्यांच्या मोटारीमागून काका आत शिरले. काकूंनी दूध गॅसवर ठेवले आणि पातेल्यात बघत राहिल्या.

"तुमची मान राहिली," त्या म्हणाल्या. "दूध फुटलं."

मंगळवारपासून दूध काकू आणू लागल्या. भाजी त्याच आणू लागल्या, काकांची औषधे, पेपर आणि पाठीला लावायचे मलमही. काकूंची उंची देवाने बेताचीच दिली होती. त्या फाटकातून सरळ चालत जात. दांड्याची आणि त्यांची अजून नीट ओळखही झालेली नव्हती. पण गुडघे मात्र बेताचे नव्हते, ते दुखत. घर दुसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. प्रत्येक वळणावर थांबून त्या पिशवी खाली ठेवत, आणि पिशवी टेकल्याचा तो आवाज वर काकांना स्पष्ट ऐकू येई. स्वातंत्र्याची किंमत मोजावी लागते, हे काकांना तत्त्व म्हणून मान्य होते. ती कोण मोजतो आहे, या प्रश्नाकडे ते सध्या पाठ करून होते. तशी ती पाठ वळतही नव्हती.

"त्या दिवशी काय शिकवलंत म्हणे वर्गात?" गुडघे चेपत काकूंनी विचारले. "डॉक्टरीणबाई सांगत होत्या. डॉमिनेट म्हणजे घराचा धनी."

"साधारण तसंच. मुळाशी तो अर्थ आहे."

"मग घराच्या धन्यानं चार बटाटे आणून दाखवावेत."

"अगं, प्रश्न बटाट्यांचा नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे."

"तत्त्व तुम्ही धरून बसा. बटाटे मी धरते."

हा घाव काकांच्या वर्मी बसला. आता लढाई लवकर संपवणे भाग होते. त्यांनी जुने हत्यार बाहेर काढले आणि सोसायटीला इंग्रजीत अर्ज लिहिला. सारी सकाळ खपून लिहिला. दांडा ही मानवी प्रतिष्ठेची विटंबना आहे, हे त्यांना त्यात म्हणायचे होते आणि ते त्यांनी म्हटलेही होते. पण सवय जाते कुठे? आयुष्यभर समोरच्याला न दुखावता फेटाळायची सवय. "आपण घेतलेल्या अपार कष्टांची आम्हाला पूर्ण जाणीव आहे," अशी सुरुवात झाली, आणि मग एकेका वाक्याला शिष्टाचाराच्या इतक्या झालरी लागत गेल्या, की विटंबना कुठे गेली ती शोधावी लागे.

सेक्रेटरींनी तो अर्ज दोनदा वाचला आणि आभारपत्र म्हणून काचेच्या फलकात लावला.

एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होते. पण काकांच्या पत्राने त्यांना उत्साह चढला आणि त्यांनी शेजारी आपली स्वतःची, वर्गात शिकलेल्या इंग्रजीतली पहिली नोटीस डकवली. तिचा सारांश असा, की फाटकातून ये-जा करताना सर्व रहिवाशांनी आनंदाने सब्ज्युगेट व्हावे, मुलांनी धावत सब्ज्युगेट होऊ नये, आणि पाहुण्यांनाही सब्ज्युगेट करताना त्यांचे डोके सांभाळावे.

काकांनी नोटीस वाचली. एक क्षण त्यांना गुरू म्हणून अभिमान वाटला. शब्द अवघड होता आणि एकही चूक नव्हती. दुसऱ्याच क्षणी त्यांचे कान तापले. हे तर उघड उघड युद्ध पुकारणे झाले. "बोलवा सभा," ते म्हणाले. कॅशिअरांनी तेवढेच काहीतरी घडते आहे म्हणून लगेच सह्या गोळा केल्या.

सभा त्याच खोलीत भरली. फळ्यावरचे ते चित्र अजून पुसलेले नव्हते, ते काकांना आयते मिळाले. खोली भरली होती, दारातही माणसे उभी होती. काकू पिशवी मांडीवर घेऊन मागच्या भिंतीशी बसल्या होत्या. बाजारातून येता येता त्यांना सभा लागली होती. काका फळ्याशेजारी उभे राहिले. पाठीला पट्टा बांधलेला असल्याने आज ते नेहमीपेक्षाही ताठ दिसत होते.

"जगात माणसाला जिंकायचे पुष्कळ मार्ग आहेत," त्यांनी सुरुवात केली. "नमवा, जेरीस आणा, पाणी पाजा, चारी मुंड्या चीत करा. त्यात निदान समोरच्याला कळतं तरी, की आपल्याशी कुणी लढतंय. पण न सांगता, न विचारता, दूध आणायला जाणाऱ्या माणसाची मान रोज दोनदा वाकवायची, आणि वर त्याला आनंदाने वाका म्हणायचं, याला काय म्हणायचं? हे फाटक नाही. हे जू आहे. आणि मी बैल नाही."

टाळ्या पडल्या. मागून काकूंच्या पिशवीत काहीतरी खुळखुळले, पण ती टाळी नसावी.

सेक्रेटरी उठले. त्यांचा चेहरा खरोखरच गोंधळलेला होता. "मला कळत नाहीये," ते म्हणाले. "सब्ज्युगेट म्हणजे आडव्या दांड्याखालून जाणं, असं काकांनीच शिकवलं. माझ्याकडं चित्रासकट लिहून आहे. तेवढंच मी नोटिशीत लिहिलं. त्यात चूक काय झाली?"

"चूक दांड्यात आहे," काका गरजले. "रोज वाकावं लागतं."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

"दांड्यामुळं?" सेक्रेटरींनी विचारले. "मी रोज जातो. मला तर कधी वाकावं लागलं नाही."

 प्रत्येकाच्या जिभेवर एकच गोष्ट आली आणि प्रत्येकाने ती गिळली. कुणी छताकडे पाहिले, कुणी चपलांकडे. सेक्रेटरींनी एकेका चेहऱ्याकडे पाहिले, त्यासाठी त्यांना मान वर करावी लागली, आणि मग त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हळूहळू उजाडू लागले.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "सकाळी मी खुर्चीत बसलेला असायचो. तुम्ही सगळे आत येताना मान लववायचात. ते..."



"दांड्यामुळं," शेवटी कॅशिअर म्हणाले.

"नुसतं दांड्यामुळं?"

"माझं नुसतं दांड्यामुळं. बाकीच्यांचं मला माहीत नाही," कॅशिअर म्हणाले. ते भले गृहस्थ होते.

"आणि मी म्हणायचो, असू द्या, असू द्या." सेक्रेटरी खाली बसले. "वजनमापे खात्यात असताना मी बाजारात शिरलो की दुकानदार शटर ओढून घ्यायचे. नमस्कार तर लांबच, समोरून सरळ बघायचंही नाही कुणी. इथं सेक्रेटरी झालो आणि पहिल्याच आठवड्यात सगळी इमारत... मला वाटलं, इथली माणसंच निराळी आहेत. घरी सांगितलं मी तसं."

काकांनी फळ्यावरच्या चित्राकडे पाहिले. नमवण्याचे इतके शब्द त्यांच्या डोक्यात रांगेने उभे होते. लढाई चालू आहे हेच ज्याला ठाऊक नाही, अशा माणसाला जिंकणे, यासाठी त्यांतला एकही लागू पडेना. "छे छे, त्यात काय," असे ते महिनोन्महिने ज्याला म्हणत होते त्याला ते कसे ऐकू गेले असेल, हेही आता त्यांच्या ध्यानात आले. क्षणभर त्यांच्या पायाखालची वाळू सरकली. पण पट्टा घट्ट होता, आणि घोषणा स्वयंपाकघराच्या दारात झालेली होती. काकू मागून पाहत होत्या.

"तरीही," काका म्हणाले, जरा हळू, पण म्हणाले, "दांडा निघालाच पाहिजे. तुमच्यावर राग नाही, सेक्रेटरीसाहेब. पण माणसानं माणसाला नमस्कार करायचा तर स्वतःच्या मर्जीनं करावा. लोखंडानं करून घेतलेला नमस्कार तुम्हालाही नको असेल."

"नको," सेक्रेटरी म्हणाले.

मतदान झाले. सगळे हात वर गेले. सेक्रेटरींचाही गेला, आणि तो मोजणाऱ्याच्या नजरेतून सुटू नये म्हणून ते उभे राहिले.

दोन दिवसांनी वेल्डर आला. "परत लावायचा असेल तर आत्ताच सांगा," तो म्हणाला, "म्हणजे अर्धाच कापतो." त्याला पूर्ण कापायला सांगण्यात आले.

काका त्या सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, काकूंना बरोबर घेऊन, शेवटचे एकदा डॉक्टरीणबाईंच्या मोटारीमागून बाहेर पडले. दांडा कापला जात असताना ते मुद्दाम बाजारात राहिले. जिंकणारा नगरात बाहेरून आत येतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. भाजीची पिशवी काकूंकडे होती. विजेत्याच्या हातात बटाटे शोभत नाहीत, आणि पाठ अजून पुरती सुटली नव्हती, असे दुहेरी कारण त्यांनी दिले. काकूंनी दोन्ही कारणे ऐकून घेतली. 

ते फाटकाशी आले तेव्हा दोन खांबांच्या मध्ये नुसते आभाळ होते. खांबांवर कापल्याच्या ताज्या, चकचकीत खुणा. गॅलऱ्यांमध्ये माणसे जमली होती. कॅशिअर जिन्यात, डॉक्टरीणबाई वरच्या खिडकीत. सेक्रेटरींनी खुर्ची नेहमीच्या जागेवरून जरा बाजूला, भिंतीशी नेली होती आणि पेपर चेहऱ्यासमोर असा उंच धरला होता, की वाचणारा आत आहे की नाही हे कळू नये.

काकांनी छाती पुढे काढली. हनुवटी उचलली. दूध फुटल्याच्या दिवसापासून जपलेली ती मान, तिच्यासाठी काय काय सोसले, कुणाकुणाला सोसायला लावले. त्यांनी पहिले पाऊल टाकले, दुसरे टाकले, दोन खांबांच्या मध्ये आले.

आणि मान वाकली. चांगली कंबरेतून, काटकोनात, होती तशी.

पेपर खाली आला. हात किंचित वर गेला. "असू द्या, असू द्या," सेक्रेटरी म्हणाले.

हे नेमके कसे घडले यावर विद्वानांत मतभेद आहेत. कॅशिअर म्हणतात, सवय. इतक्या महिन्यांची सवय दांडा कापल्याने कापली जात नाही. डॉक्टरीणबाई शपथेवर सांगतात, की वाकण्याच्या जरा आधी काकांनी भिंतीकडच्या खुर्चीकडे पाहिले होते. काकांनी या प्रश्नाला अजून उत्तर दिलेले नाही. त्या वेळी तर ते फक्त, गॅलऱ्यांतल्या एवढ्या डोळ्यांसमोर परत सरळ कसे व्हावे, याच विवंचनेत होते, कारण पाठ पुन्हा धरली होती.

मागून काकू आल्या. पिशवीचा तळ कधीचा उसवला होता. एक बटाटा त्यातून निसटला, टप्पा खात पुढे गेला आणि काकांच्या पायाच्या बोटांजवळ येऊन थांबला.

"वाकलाच आहात," काकू म्हणाल्या, "तर तेवढा बटाटा उचला."